नदी हद्दीवरच असते

आमच्या समितीला नाव नाही. पहिली अख्खी बैठक नावावर गेली आणि काहीच ठरलं नाही. 'बचाव' म्हटलं की कुणापासून असा प्रश्न येतो, 'विकास' म्हटलं की लोक बिल्डर कोण ते विचारतात आणि 'संघर्ष' म्हणावं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना जिना चढताना कठडा धरावा लागतो. शेवटी अर्जाखाली 'नदीकाठचे रहिवासी' एवढंच लिहायचं आणि सह्या करायच्या, यावर सगळ्यांचं जमलं. नोंदणी नाही, बँकेत खातं नाही, शिक्का नाही. शिक्का नसला की काय होतं ते आवक-जावकच्या खिडकीवर कळतं. तिथला माणूस अर्ज खालीवर करून बघतो आणि विचारतो, "संस्था कुठली?" त्यावर आमचे अण्णा सांगतात, "संस्था नाही. घरात पाणी आलेली माणसं आहोत."

या बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली, अक्षर बरं आहे आणि कुणी बोलत असताना मधे तोंड घालायची सवय नाही, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्याकडे आलं. बैठक भरते पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला असलेल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. मुठा तिथून हाकेच्या अंतरावर. पार्किंगच्या भिंतीवर विजेच्या मीटरच्या पेट्या आहेत. आधी त्या कमरेच्या उंचीला होत्या, आता माझा हात पुरणार नाही इतक्या वर आहेत. जुन्या पेट्यांची भोकं सिमेंटने बुजवली, पण त्यांच्यावरून गेलेली गाळाची रेघ कुणी पुसली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती पुसून रंग द्यायचा होता. अण्णांनी देऊ दिला नाही.

ती रेघ २५ जुलै २०२४ ची. शिवाजीनगरला २४ तासांत ११० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास पोचलं होतं आणि एकतानगरी, विठ्ठलनगर, निंबजनगर या पट्ट्यात पहाटे तळमजले पाण्यात होते. लोकांना बाहेर काढायला लष्कर बोलवावं लागलं. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. आमच्या इमारतीत जे झालं ते तेवढं मोठं नव्हतं, म्हणून कुठे आलं नाही. आम्ही सगळे फाटकाकडे बघत उभे होतो, कारण नदी त्या बाजूला आहे. पाणी आलं ते पाठीमागून. पार्किंगच्या कोपऱ्यात ड्रेनेजचं एक चेंबर आहे. त्याचं लोखंडी झाकण आधी थरथरलं, मग कडेकडेने काळं पाणी पाझरायला लागलं, आणि कुणाच्या तरी तोंडून "अहो, हे काय" निघेपर्यंत झाकण एका अंगाला सरकलेलं होतं. फाटकातून पाणी आलं ते त्यानंतर, तोवर दुचाक्या तरंगायच्या बेतात होत्या. नदी चढली की पावसाळी गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि गटार उलटं वाहायला लागतं, हे अण्णांनी आम्हाला नंतर समजावून सांगितलं. त्या पहाटे मात्र पायाशी आलेला वास तेवढा समजत होता.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना क्युसेकमध्ये बोलायची सवय आहे, आणि सुरुवातीला आम्हाला त्याचा वैताग यायचा. पण धरणाचं गणित त्यांनी सोपं करून दाखवलं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला अशी चार धरणांची साखळी. सगळी मिळून २९ टीएमसीच्या थोडी वर. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी. म्हणजे वरच्या धरणांत जागा शिल्लक असली तरी खडकवासल्याच्या स्वतःच्या पाणलोटात पाऊस कोसळला की ते बघता बघता भरतं, आणि मग दारं उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. "दारं का उचलली म्हणून भांडू नका," अण्णा म्हणायचे, "उचलायच्या आधी खाली कुणाला सांगितलं, ते विचारा. आणि एवढ्याच पाण्याला पात्र का पुरलं नाही, ते विचारा."

हा दुसरा प्रश्न जास्त टोचणारा होता. नदीला दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. मुठेची निळी रेषा ज्या विसर्गाला धरून आखली आहे, त्यापेक्षा त्या दिवशीचा विसर्ग कमी होता. तरी पाणी आमच्या मीटरपर्यंत आलं. ज्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला अशा एक आजी आमच्या इमारतीत आहेत. त्या म्हणाल्या, "तेव्हा धरण फुटलं होतं गं. आता न फुटताच?" याचं उत्तर अण्णांच्या मते पात्रातच पडलेलं आहे: काठाने टाकलेला भराव, पाडकामाचा राडारोडा, पुलांच्या खालचा गाळ. आम्ही काठाने चालत गेलो तेव्हा ते दिसलंही. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, एका न्हाणीघराची निळी टाइल तशीच्या तशी भिंतीसकट. कुणाच्या तरी फ्लॅटचं नूतनीकरण नदीत येऊन पडलं होतं. आमच्यापैकी दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय बदलला, कारण त्यांच्याही घरी नुकत्याच फरश्या बदलल्या होत्या आणि जुन्या कुठे गेल्या ते ठेकेदाराला विचारलेलं नव्हतं.

मग अर्ज लिहायला बसलो. राडारोडा उचला, गटाराच्या तोंडाशी पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवा, विसर्ग वाढवण्याआधी काठावर भोंगा वाजवा. तीनच मागण्या. पण अर्ज कुणाच्या नावे? पात्र एका खात्याकडे, गटार दुसऱ्याकडे, काठची सरकारी जमीन तिसऱ्याकडे, पाण्याची तपासणी चौथ्याकडे. एका कार्यालयाने लेखी कळवलं की हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. ज्यांच्या अखत्यारीत येतो म्हणून त्यांनी लिहिलं होतं, त्यांनी तोंडी सांगितलं की पहिल्यांकडेच जा. माझ्या वहीत या पानावर नुसते बाण आहेत.

एरवी अशा वेळी माणूस नगरसेवकाकडे जातो. आमचे नगरसेवक फार थोर होते असं नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जेवढे दिसायचे तेवढे प्रत्यक्षात दिसायचे नाहीत. पण त्यांचं कार्यालय ठाऊक होतं, तिथे जाऊन आवाज चढवता येत होता आणि पुढच्या निवडणुकीची त्यांना काळजी होती. पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. निवडणूक ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात अडकली ती वर्षानुवर्षं. २०१७ मध्ये चार सदस्यांचे प्रभाग होते. मग सरकारने तीनचे करायचं ठरवलं, त्याप्रमाणे रचना तयार झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा चारवर आणलं. सेक्रेटरी म्हणाले, "घर नाही, दार नाही आणि भिंतीला रंग कुठला याचंच चाललंय."

याच काळाला लागून आणखी एक तारीख आहे. मुळा-मुठा नदीकाठ विकसन प्रकल्पाचं, म्हणजे ज्याला सगळे 'रिव्हर फ्रंट' म्हणतात त्याचं, भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं ६ मार्च २०२२ ला. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर लांबी, ११ टप्पे, खर्चाचा अंदाज ४,७०० कोटींच्या वर. आणि त्यानंतर जेमतेम आठवडाभरात सभागृह रिकामं झालं. शहराच्या नदीवर एवढं मोठं काम सुरू होणार, आणि त्यावर प्रश्न विचारायला, तहकुबी मांडायला, निदान आरडाओरडा करायला एकही निवडून दिलेला माणूस नाही. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव आयुक्तांकडून येतो, स्थायी समिती आणि मुख्य सभा म्हणून त्याला मंजुरी प्रशासक देतात आणि अंमलबजावणी पुन्हा आयुक्त करतात. सही एकाच माणसाची, खालचा हुद्दा तेवढा बदलतो. माणूस कितीही सचोटीचा असला तरी ही रीत वाईट आहे, असं माझं मत आहे आणि मी ते इतिवृत्तात न लिहिता इथे लिहिते आहे.

तात्या आमच्यात आले ते आमच्या अर्जांच्या धावपळीतच. ते आमच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावचे माजी उपसरपंच. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेलं आणि पुणे क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढे निघून गेलं. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, कोंढवे-धावडे ही त्यातली आमच्या वरची गावं. जुलै २०२१ मध्ये या २३ गावांचं नियोजन राज्य सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे दिलं. म्हणजे इमारतीला परवानगी एकाची आणि त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज, रस्ता द्यायची जबाबदारी दुसऱ्याची.

"आमच्याकडं नळाला पाणी न्हाई आलं," तात्या सांगत होते, "तर सकाळी सातच्या आत बाया सरपंचाच्या दारात उभ्या. ग्रामसभेत शिव्या पडायच्या, मी खाल्ल्यात. पण उत्तर द्यावं लागायचं. आता टॅक्स पालिकेचा, परवानगी पीएमआरडीएची आन् पाणी टँकरचं. सभा कुठं भरती, ते तुम्हीच सांगा मॅडम."

मी काय सांगणार? कायद्यात सांगायला आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला अमलात आली, तीन लाखांच्या वरच्या शहरांना प्रभाग समित्या आल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, शहरातल्या मतदारांची ग्रामसभाच म्हणायची. ती बोलवायची नगरसेवकाने. एका प्रभागात चार नगरसेवक असतील तर कुणाची सभा कुणी बोलवायची, हा घोळ नगरसेवक होते तेव्हाही सुटला नव्हता, आणि ते गेल्यावर प्रश्नच मिटला. मी आयुष्य या शहरात काढलं, एकही क्षेत्रसभा बघितलेली नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय आहे, ती मात्र आम्ही वापरली. झडप मागितली. आमच्या गल्लीतल्या इतरांनी बाक मागितले.

तात्यांचं गाऱ्हाणं ऐकताना सेक्रेटरी थोडे अस्वस्थ होते. त्यांना वाटत होतं, आपण नदीचं बोलायला जमलोय, हे टँकरचं काय मधेच. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं मत बदललं. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, वर्तमानपत्रांच्या भाषेत जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. संशय पाण्यावर गेला. नांदेड गावच्या विहिरीपासून खासगी टँकरपर्यंत पाण्याचे नमुने तपासायला गेले. आमच्या इमारतीत घरोघरी पाणी उकळायची पातेली चढली. त्या बैठकीत तात्यांनी एवढंच विचारलं की ज्या गावांत ड्रेनेजची लाइनच पुरती पडलेली नाही, तिथल्या हजारो फ्लॅटचं मैलापाणी कुठे जात असेल. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ओढ्यात, आणि ओढ्यातून मुठेत. नंतर आमच्या दारावरून.

म्हणून गावं आत घेण्याचा कागद आणि नदीचं पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मी त्या दिवशी इतिवृत्तात ठळक अक्षरांत लिहिलं. तिथे मत लिहायचं नसतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

नंतर एका रविवारी आम्ही बंडगार्डनला गेलो. रिव्हर फ्रंटचं काम सुरू झालं ते खाली, संगम पूल ते बंडगार्डन आणि पुढे मुंढव्याकडे, त्यामुळे झालेलं काम बघायचं तर तिकडेच जावं लागतं. पीएमपीच्या बसने गेलो. आमच्यात वस्तीत राहणाऱ्या मावशी होत्या, चार घरची धुणीभांडी करतात, त्यांनी कामाला सुट्टी घेतली होती. आयटीतला एक मुलगा होता, तो फोनवर नकाशे घेऊन. अण्णा, तात्या, सेक्रेटरी, मी.

खोटं कशाला बोलू, छान वाटलं. दगडी बांधणी नीट केलेली, चालायला सपाट वाट, खाली पाण्यापर्यंत उतरता येईल अशा पायऱ्या. पोरं धावत होती, एक आजोबा काठी बाजूला ठेवून बसले होते, लग्नाआधीचे फोटो काढणारं एक जोडपं आणि त्यांचा फोटोग्राफर. पुणेकराला नदीजवळ जाऊन बसायला जागा हवी आहे, ही गरज खरी आहे आणि जे तिची चेष्टा करतात ते बहुतेक मोठ्या बाल्कनीच्या घरात राहतात. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री दिवे चालू ठेवतात का?" आम्ही कुणीच याचा विचार केला नव्हता. "आमच्याकडं अंधार पडला की बायांना नदीकडं जायला नको वाटतं," त्या म्हणाल्या, "दिवा असला तर निम्मं काम झालं."

मग वाऱ्याने दिशा बदलली आणि पायऱ्यांवरची माणसं उठून वरच्या वाटेवर गेली. फोटोग्राफरनेही सामान उचललं. पाणी काळं होतं, कडेला जलपर्णी.

तिथेच उभं राहून आमचा वाद झाला. वाद जुनाच आहे, हरित लवादापर्यंत जाऊन आलेला. प्रकल्प करणारे सांगतात की पुराची पातळी वाढणार नाही, अडथळे निघतील, काठ मजबूत होतील. विरोध करणारे म्हणतात, काठ आत सरकतो, पात्र आवळतं, झाडं जातात. झाडांसाठी एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात चिपकोच्या धर्तीवर मोर्चा निघाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये राम नदी आणि मुळेच्या संगमाजवळच्या झाडांसाठी पुन्हा लोक रस्त्यावर आले. आयटीतला मुलगा नकाशा दाखवून म्हणाला की आकडे दोन्ही बाजूंकडे आहेत. अण्णा नुसतं खालून वरपर्यंत बांधकाम न्याहाळत होते. "सुबक आहे," ते म्हणाले. "पण मला हे खडकवासला ३५ हजारावर असताना बघायचंय."

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. बाक, पायऱ्या, दिवे सगळं हवं, पण क्रमाने. पुण्यात नदीच्या नावाने दोन योजना चालतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ही काठाची. दुसरी पाण्याची, जपानच्या जायकाच्या कर्जातून होणारी: ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, मंजुरी २०१६ ची, तेव्हाचा खर्च ९९० कोटी. ही दुसरी आधी पुरी व्हायला हवी होती. ती मुदतीमागून मुदत ओलांडत राहिली आणि पहिलीचे दगड आधी बसले. पाहुणे यायच्या दिवशी मोरी तुंबलेली असताना दिवाणखान्यात नवे पडदे लावावेत, तसं झालं. शिवाय आत घेतलेल्या गावांचं मैलापाणी वाढत चाललंय ते वेगळंच.

आमच्या पट्ट्याबद्दलही एकमत नव्हतं. सेक्रेटरींना पूरसंरक्षक भिंत हवी होती, सरळ, उंच, काँक्रीटची. अण्णा म्हणाले, "भिंत बांधा. नदीचं पाणी बाहेर राहील. आपल्या अंगणात पडलेलं पावसाचं पाणी नदीत कसं जाणार? पंप लागेल. पंपाला वीज लागेल. पूर आला की पहिलं काय बंद करतात?" मावशी म्हणाल्या, "आन् भिंतीला आपटून पाणी आमच्या वस्तीकडं वळंल त्याचं?" काही जणांचं लक्ष पुनर्विकासाकडे होतं. जादा एफएसआय मिळाला, इमारत उंच उठली, खाली नुसतं पार्किंग राहिलं तर पाणी येऊन जाऊन राहील, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. पण वस्तीला एफएसआय कोण देणार, हे मावशींनी विचारल्यावर ती चर्चा थांबली. माझ्या वहीत 'भिंत' या शब्दापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रारूप प्रभागरचना आली. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, एक प्रभाग पाचचा आणि बाकीचे चारचे, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. आयटीतल्या मुलाने सगळे नकाशे उतरवून घेतले आणि पार्किंगमध्ये चादर अंथरून त्यावर प्रिंट मांडल्या. सगळे वाकून आपापली इमारत शोधत होते. आपण कुठल्या प्रभागात, आपल्याबरोबर कोण, मावशींची वस्ती आपल्यात का पलीकडे, कुठला पट्टा कुणाला जोडला, यावरून कुणाचा फायदा. मी चष्मा लावून नदीची निळी रेघ शोधत होते. ती सापडली, आणि ज्या नकाशावर सापडली त्यात ती कडेला होती. शेजारच्या नकाशातही ती कडेलाच होती, दुसऱ्या बाजूने.

त्यात कुणाचं कारस्थान नाही. प्रभागाच्या हद्दी शक्यतो नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणा धरून आखाव्यात, असं मार्गदर्शक सूचनांतच असतं, आणि मोजणीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण त्याचा परिणाम काय होतो ते बघा. डाव्या काठाचे चार आणि उजव्या काठाचे चार असे आठ नगरसेवक एकाच पात्राच्या दोन बाजूंना उभे राहणार, आणि प्रत्येकाला नदी दुसऱ्याच्या हद्दीपाशी सुरू होते असं म्हणता येणार. इकडचा भराव तिकडे पाणी ढकलतो, तिकडचा इकडे. मतं मात्र आपापल्याच काठाची. आम्ही हरकती-सूचनांच्या मुदतीत एक सूचना दिली: हद्द बदलू नका हवं तर, पण समोरासमोरच्या प्रभागांची नदीसाठी एक संयुक्त समिती असावी आणि पावसाळ्याआधी तिची बैठक बंधनकारक असावी. हा प्रभागरचनेचा विषय नाही, असं तिथे कुणी म्हटलं तर ते नियमाप्रमाणे बरोबरच असणार, हे आम्हालाही माहीत होतं. कुठेतरी नोंद व्हावी एवढाच हेतू.

बाकीचं आम्हीच केलं. राजाराम पूल ओलांडून कर्वेनगरच्या अंगाला गेलो आणि तिथल्या नदीकडच्या सोसायट्यांतल्या लोकांना भेटलो. पहिली दहा मिनिटं त्यांनी आम्हाला ऐकवलं की तुमच्या काठच्या भरावामुळे आमच्याकडे पाणी येतं. आम्ही तेच त्यांना ऐकवायला गेलो होतो. त्यानंतर चहा झाला. आता विसर्गाचा आकडा ज्याला आधी कळतो तो दोन्ही काठांना कळवतो, प्रत्येक इमारतीत दोन माणसं ठरलेली आहेत, आणि अण्णांनी एका खांबावर रंगाने पातळ्या आखून दिल्या आहेत: इथवर पाणी आलं की दुचाक्या वर, इथवर आलं की चारचाकी वर, इथे आलं की तळमजल्यावरचे लोक वरच्या घरी. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा मोठा विसर्ग सुटला तेव्हा आमच्या गाड्या वेळेत मुख्य रस्त्यावर होत्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना मावशींनी संध्याकाळीच शाळेत नेऊन बसवलं होतं. झडप अजून बसलेली नाही. राडारोड्याचे काही ढीग उचलले गेले, काही नवे पडले.

निवडणूक आली की उमेदवार दारोदार फिरतात. ते बाकांचं, दिव्यांचं, कारंज्याचं बोलतात आणि ते बोलू द्यावं. त्यांना तीनच गोष्टी विचारा: पावसाळी गटाराचं तोंड नदीत कुठे उघडतं ते तुम्ही स्वतः पाहिलंय का, ३१ मेच्या आत पात्रातला राडारोडा कोण उचलणार, आणि समोरच्या काठाच्या नगरसेवकांबरोबर बसायला तुमची तयारी आहे का. समोरच्या काठावर आपल्याला मत देणारं कुणी नाही असं एखादा हसत म्हणाला, तर त्याला मत देऊ नका.